वऱ्हाडची हरणी आणि माझी बुढी

माझी बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. घरात मी तिला बुढी म्हणायचो, ती मला बुढा म्हणायची. माणूस गेलं की त्याचं चांगलंच बोलावं असं म्हणतात. मी म्हणतो, खरं बोलावं. ती भांडखोर होती. चहात साखर जास्त टाकायची. स्वतःची चूक असली तरी आधी समोरच्याला दोन शब्द सुनवायची आणि मग मान्य करायची. पण मान्य करायची, हे महत्त्वाचं. आमची नात टीव्हीत आली तेव्हा सगळ्या गावाचं डोकं फिरलं होतं. बुढीचंही थोडं फिरलं, माझंही फिरलं. ठिकाणावर आधी आली ती बुढीच.

आमची नात पळते. शंभर मीटर. आम्हाला आधी वाटलं, शंभर मीटर म्हणजे काही तरी मोठं असेल. तर ते आमच्या घरापासून मारुतीच्या पारापर्यंतही नाही. एवढ्यासाठी पोरगी रोज पहाटे उठून धाडच्या ग्राउंडवर जाते, हे बुढीला बरेच दिवस पटत नव्हतं.

"एवढं पळून परत तिथंच यायचं ना व?" ती विचारायची.

"परत यायचं नसते, आजी. एकदाच जायचं."

"मंग येतं कशी?"

"चालत."

धाड आमच्या गावापासून जवळच. आठवड्याचा बाजार तिथला, दवाखाना तिथला, नातीचं कॉलेजही तिथलंच. पहाटे दूधवाल्याची जीप जायची, तिच्यात बसून ती जायची. माझा पोरगा म्हणजे तिचा बाप काही सहज सोडणारा नव्हता. त्यानं सोडलं ते एकाच गोष्टीवर. तिच्या वर्गात धाडचीच एक पोरगी होती, तीही पळायची. तिच्या बापाचं बाजारात गाद्यांचं दुकान. त्यानंही आपल्या पोरीला तेच सांगितलेलं होतं, की दोघी असाल तर जा, एकटीनं ग्राउंडवर जायचं नाही. म्हणजे हिच्या भरवशावर ती आणि तिच्या भरवशावर ही. एक घरी बसली की दुसरीही बसली. दोन्ही बाप एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण बोलले एकच. बाप सगळे असेच असतात.

आता टीव्हीचं सांगतो. बुलढाण्याला सगळ्या कॉलेजांच्या शर्यती झाल्या. पळायच्या आधीच नातीच्या एका शूजचा तळ उखडला. तिनं दोन्ही काढून फेकले आणि अनवाणी पळाली. पहिली आली. तिची मैत्रीण दुसरी. कोणीतरी मोबाईलवर ते काढलं आणि सोडून दिलं. आठवड्याभरात ते टीव्हीवरही आलं, आणि आमच्या गावात असा एक माणूस उरला नाही, ज्यानं ते पाहिलं नाही. जे कधी आमच्या घरी पाणी प्यायला आले नव्हते ते पेढे घेऊन आले. त्या मोबाईलवाल्यांनी तिला नावही देऊन टाकलं, 'वऱ्हाडची हरणी'.

बुढीला ते आवडलं नाही. "हरणी म्हणते. हरणं आपली तूर खाते रोज. दुसरं जनावर नाई भेटलं काय त्याईले?"

मग सत्कार सुरू झाले. स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यात नातीचा फोटो एवढासा, कोपऱ्यात, आणि ज्यांनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं त्यांचे फोटो परातीएवढे. जिथं बोलावलं तिथं एक शाल आणि एक नारळ. दोन सत्कार झाले की तिची पहाटेची जीप चुकायची. शालींचं काही वाटत नाही, घडी करून ठेवता येतात. नारळांचं काय करायचं? बुढी रोज खोबऱ्याची चटणी वाटायची. मी एकदा म्हटलं, आता पुढच्या सत्काराला मिरच्या मागा. ती हसली आणि मग तिनं मला सुनावलं, की तुम्ही पण तर पहिल्या सत्काराला धोतर इस्त्री करून गेला होता. गेलो होतो. आमच्या घरात कोणाच्या नावानं माईक वाजला नव्हता कधी.

दिवाळी झाली आणि अमरावतीची शर्यत जवळ आली. ती मोठी. तिथून पहिल्या दोघी पुढं राज्यात जाणार होत्या. नात म्हणायची, आम्ही दोघी जाऊ. तिच्या बोलण्यात तेवढं एकच असायचं. जेवताना तेच, भांडी घासताना तेच. कॉलेजच्या सरांनी तिला नवे शूज मिळवून दिले होते. ती ते कपाटात, देवाच्या फोटोखाली ठेवायची. बुढी पहिल्यांदा रागावली, मग रोज फोटोला हळद-कुंकू लावताना शूजवर पडलं तर पुसून घ्यायची.

अमरावतीला निघायच्या आदल्या दिवशी एक माईकवाला आला. मोठ्या शहरातून. सोबत कॅमेरावाला. पोरगा वाईट नव्हता, हे सांगतो. घामाघूम झालेला, 'आजी-आजी' करणारा. पण त्याच्या डोक्यात आमचं घर आधीच तयार होतं आणि इथलं घर त्याच्याशी जुळत नव्हतं.

"आजी, जरा चुलीवर भाकर थापता का?"

"घरात गॅस हाये."

"चुलीवर बरं दिसतं."

"मंग तूच थाप. पीठ देतो."

तो हसला. मग आमच्या गोठ्याच्या पडक्या भिंतीकडं पाहत म्हणाला, "इथं उभं राहून बोलूया?"

"तो गोठा हाये, बापा. तिथं म्हैस राह्यते. म्हशीची मुलाखत घ्यायची असन त घे."

शेवटी त्यानं नातीला वावरात नेलं. पळताना काढायचं होतं. नातीनं नवे शूज घातले, तर म्हणाला, "शूज काढ."

बुढी मागून जाऊन पोहोचली होती. "काऊन काढाचे? शूज हायेत ना तिले."

"आजी, लोकांनी तिला अनवाणीच पाहिलंय. शूज घातले तर ओळखणारसुद्धा नाहीत."

"लोकाईले दाखवाले पळते का ते?"

नातच म्हणाली, "राहू दे ना आजी. एकदाच." तिला त्या वेळी ते आवडत होतं. अठरा-एकोणीसच्या वयात कोणाला नाही आवडणार? तिनं शूज काढून बांधावर ठेवले आणि वावराच्या वाटेनं पळाली. एकदा झालं, तर ऊन डोळ्यात येतं म्हणाला. मग उलट्या बाजूनं. मग कॅमेरावाला खाली लोळून काढतो म्हणाला. त्या वाटेला आमचं बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. वाऱ्यानं फांद्या थोड्या इकडंतिकडं झालेल्या. पोरगी पळत आली, थांबली, हसली, बोलली. ते लोक गाडीत बसून गेल्यावर बांधावर बसली आणि पाय वर केला. टाचेच्या पुढं, तळव्यात, काटा आत मोडलेला होता.

काटा बुढीनं सुईनं काढला. तिचा हात त्या कामात चांगला होता. गावातल्या बाया पोरांना घेऊन तिच्याकडंच यायच्या. पण टोक आत राहिलं असेल असं तिला वाटलं. मग आमच्याकडं जे करतात ते तिनं केलं. डब्यातून बिब्बा काढला, सुईला टोचला, दिव्यावर धरला. बिब्बा तापला की त्यातून तेल सुटतं. ते गरम गरम काट्याच्या भोकावर टेकवायचं. चटका बसतो, डाग पडतो, पण काट्याचं दुखणं जातं आणि तो पिकत नाही. माझ्या दोन्ही तळव्यांवर असे काळे डाग आहेत. बुढीच्या पायांवर होते. आमच्या वयाचा एक माणूस आणा ज्याच्या पायाला बिब्बा लागला नाही.

सून म्हणाली, "आत्याबाई, धाडले दाखवू ना डॉक्टरले."

"काट्याले डॉक्टर? उद्या जांभईलेही डॉक्टर कराल तुम्ही."

दिवा मीच धरला होता.

सकाळी पोरगी उठली तर पाय सुजलेला. तळवा लाल, बारीक फोड आलेले, खाज इतकी की तिला रडू आवरेना. बिब्बा उतला होता. काही जणांना तो मानवत नाही, हे आम्हाला माहीत होतं. पण आम्ही ज्या पायांना तो लावत आलो ते चामड्याचे पाय होते. जन्मभर ढेकळातून, कापलेल्या तुरीच्या फणकटातून चाललेले. हिचा पाय शूजातला, मऊ. साऱ्या दुनियेनं तिला अनवाणी पळणारी म्हणून डोक्यावर घेतलं होतं, आणि तिच्या पायाला अनवाणी चालायची सवयच नव्हती. आम्ही घरचे, आम्हालाही ते कळलं नाही.

बुढीनं तीळ आणि खोबरं वाटून लेप केला. सत्काराचे नारळ तेवढे कामी आले. मग धाडला डॉक्टरकडंही नेलं. त्यानं मलम दिलं, पट्टी बांधली, आणि पळू नको म्हणाला. नात म्हणाली, "मी जाणार."  बुढीनं पोरीचा डबा भरला, शूज पुसून पिशवीत घातले, आणि जीप वळेपर्यंत दारात उभी राहिली. दिवसभर तिनं माझ्याशी भांडण केलं नाही. तेव्हा मला भीती वाटली.

अमरावतीची शर्यत मोबाईलवर दाखवणार होते. पोरांनी पारावर पांढरं कापड बांधलं आणि त्याच्यावर ते चित्र पाडलं. सगळं गाव बसलं होतं. फटाक्यांची माळ आणून ठेवली होती. शर्यत म्हणजे किती, तर एखाद्यानं तंबाखू मळून तोंडात टाकावी एवढी. आमची पोरगी सुरुवातीला दिसली, मग बाकीच्या पुढं गेल्या आणि ती दिसेनाशी झाली. शेवटून दुसरी. तिची मैत्रीण पहिली आली.  एका पोरानं कापड सोडलं. माळ ज्यानं आणली होती त्यानं ती परत घरी नेली.

बुढी उठताना एवढंच म्हणाली, "ते दुसरी पोरगी जितली, तिच्यासाठी त लावा रे फटाके." कोणी लावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या माईकवाल्याची नवी बातमी आली. आधी नातीच्या पायाचा फोटो, पट्टी सोडलेला. मग तिचं बोलणं. शर्यत झाल्यावर तिथंच ती त्याला सगळं सांगून बसली होती. काटा लागला, आजीनं बिब्बा लावला, तो उतला, आम्ही दोघी एका खोलीत होतो, मैत्रिणीनं पायाला मलम लावून दिलं. त्यानं त्यातलं काट्याचं कापलं, बिब्ब्याचं कापलं. राहिलं काय? एका खोलीत होतो, आणि मैत्रिणीनं पायाला लावलं. खाली मोठ्या अक्षरात, 'हरणीचा पाय कोणी अधू केला?' शेवटी एक प्रश्नचिन्ह टाकलं की यांचं काम झालं.

आणि त्या पोरीचं नाव दिलं, पूर्ण, ठळक. ती पोर मुसलमानाची आहे. हे मी आतापर्यंत लिहिलं नाही, कारण आतापर्यंत त्याचं काही काम नव्हतं. त्यांनी नावातूनच सगळं सांगून टाकलं. मग ते एका मोबाईलवरून दुसऱ्यावर जात राहिलं आणि जाताना प्रत्येकानं आपल्या पदरचं थोडं घातलं. ज्या गावांचा पळण्याशी काही संबंध नाही तिथली लोकं त्या पोरीला शिव्या देऊ लागली. आमच्याच गावातला एक जण मला पारावर म्हणाला, "मी त आधीच म्हणत होतो." मी म्हटलं, "तू आधी पेढे खात होता बे. म्हणत कधी होता?"

त्या पोरीच्या बापानं तिला घरी बसवलं. राज्याची शर्यत पुढ्यात, आणि ती घरात. ती नाही, म्हणून माझ्या पोरानं नातीलाही सांगितलं, एकटी जायचं नाही. पहाटे जीप दारात हॉर्न वाजवायची आणि पुढं निघून जायची. नात अंथरुणात जागी असायची, हे आम्हा दोघांनाही कळायचं. पायाचे फोड बसले, कातडी निघाली, नवी आली. पाय बरा झाला आणि पळणं बंद.

बुढीनं मला त्या माईकवाल्याला फोन लावायला लावला. तो बोलला चांगला.

"आजी, आम्ही कुठं कोणावर आरोप केला? आम्ही फक्त प्रश्न विचारला."

"मंग उत्तर बी टाक. उत्तर माह्यापाशी हाये. बिब्बा म्या लावला."

"आजी, तो विषय आता मागं पडला. लोकं विसरले."

"कोणते लोकं विसरले? माही पोरगी घरात बसली, ते पोरगी घरात बसली. त्या विसरल्या काय?"

त्यानं फोन ठेवला की लाईन गेली, माहीत नाही. बुढीनं फोन माझ्या हातात दिला. मला म्हणाली, "बुढ्या, बाजार कोणत्या दिवशी?" तिला काय बाजाराचा दिवस माहीत नव्हता? जन्म गेला त्या बाजारात. ते मला तयार राहा म्हणून सांगणं होतं.

बाजाराच्या दिवशी आम्ही एसटीनं धाडला गेलो. गाद्यांचं दुकान रस्त्यावरच, पुढं मिरच्या-लसणाच्या बाया बसतात. दुकानवाला कापूस पिंजत होता. मशीन चालू, सगळीकडं कापूस उडत होता, त्याच्या भुवयांवरही कापूस. आम्ही कोण ते सांगितलं तसं त्यानं मशीन बंद केलं. तोंड पाडलं नाही, पण हसलाही नाही. "बसा मावशी," म्हणाला. नवी गादी पुढं सरकवली.

बुढी बसली नाही. तिनं बाजाराकडं तोंड केलं आणि ज्या आवाजात ती वावरातून गावापर्यंत हाक मारायची त्या आवाजात बोलली.

"आयका व बायाहो! त्या टीव्हीवाल्या हरणीची आजी म्या हाये. ह्याच्या पोरीनं काहीच केलं नाई. काटा आमच्या कुंपणाचा, बिब्बा आमच्या डब्यातला, अन् लावणारा हात हा." आणि हात वर केला.

मिरच्या मोजायच्या थांबल्या. एक बाई म्हणाली, "बिब्बा उतला काय व माय?"

"उतला."

"उतते व काही काहीले. माह्या सुनेले उतला होता, तोंड भोपळ्यावानी झालं होतं."

"गरम जास्त झाला असन."

"नाई व, कवळ्या कातडीले नाईच लावाचा. माही सासू म्हणे..."

झालं. सगळ्या बाया बिब्ब्यावर आल्या. कोणाच्या नणंदेला कुठं उतला, त्यावर काय लावलं. मला आधी राग आला, की ही काय सांगायला आली आणि या काय घेऊन बसल्या. पण बुढी शांत होती. तिला कळलं होतं. बाजारातून त्या बाया आपापल्या गावाला जाणार आणि मिरच्यांसोबत ही गोष्टही घरोघरी उतरणार. बिब्बा उतला म्हणजे काय ते आमच्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह टिकत नाही.

ती वळली. दुकानवाला खाली मान घालून कापसाचा गोळा हातात फिरवत होता.

"आता पाठव पोरीले," बुढी म्हणाली.

"मावशी, तुमी चारचौघात बोलल्या, बहोत मोठी गोष्ट झाली. तुमच्यावर माहा राग नव्हताच. पर सोचो ना. पहाटे अंधार राह्यते. एखांदा टपोरी मोबाईल घिऊन तिथं उभा राह्यला, लडकीले काही बोलला, त मी काय करू? दुकान सोडून रोज ग्राउंडवर बसू काय?"

"तू कायले बसतं? मी बसतो."

"तुमी?"

"हाव, मी. मले पाहून त कुत्रे बी भुंकत नाई."

तो पहिल्यांदा हसला. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "चाचा, ह्या खरंच येतील काय?"

मी म्हटलं, "तिनं म्हटलं म्हणजे तू नको म्हटलं तरी आता थांबणार नाही."

माझा पोरगा रात्रीच्या जेवणाला पुष्कळ बोलला. थंडी, दम, गुडघे, लोकं काय म्हणतील. बुढीनं त्याला भाकर वाढली आणि एवढंच म्हणाली, "दोघी असल्या त जा म्हणत होता ना? आता तिघी हाओत."

त्यानंतरच्या पहाटा मला आठवतात. माणूस गेल्यावर सणासुदीची, लग्नाकार्याची आठवण येईल असं वाटतं. मला त्या पहाटांची येते. मी पाणी तापवायचो. ती काळा चहा घ्यायची, दूध जीपमध्ये भेटेल म्हणायची आणि कधी मागायची नाही. सत्काराची एक शाल डोक्यावरून, दुसरी खांद्यावरून, खाली बसायला पोतं. नात शूजची पिशवी घेऊन आधी जीपमध्ये चढायची आणि आजीला हात देऊन वर ओढायची. बुढी चढताना दूधवाल्याला रोज एकच शिवी द्यायची, जीप उंच घेतली म्हणून. मी दारात उभा. लाल दिवा वळणावर जाईपर्यंत मला दोघींचं बोलणं ऐकू यायचं. मग घर असं रिकामं व्हायचं की मला घड्याळाचा राग यायचा. तेव्हा ती नऊ वाजता परत येत होती.

ग्राउंडवर ती काय करायची? बसायची. दोघींच्या पिशव्या सांभाळायची. ती पोरगी आल्या आल्या हिच्या पायाशी आपला स्वेटर टाकायची आणि म्हणायची, "आजी, आज कोण पहिली येईन सांगा." बुढी म्हणायची, "जिले जास्त भूक लागली असन ते." दुकानवाल्यानं चार दिवसांनी पोरीच्या हाती बुढीसाठी एक लहान गादी पाठवली. बुढीनं ती घरी आणून मला दिली आणि स्वतः पोत्यावरच बसत राहिली. मऊ बसलं की झोप येते म्हणाली.

एकदा खरंच एक पोरगा मोबाईल घेऊन आला. पोरींकडं धरून उभा राहिला. बुढी उठली आणि त्याच्या मोबाईलच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"काढ बापा, माहा बी काढ. खाली लिही, बिब्बेवाली."

"नाही आजी, मी असंच..."

"असंच त असंच. पाय कोणी उतवला ते विचार ना. विचारत काऊन नाई?"

तो पोरगा निघून गेला. हे मला बुढीनं सांगितलं नाही, नातीनं सांगितलं, जीपमधून उतरता उतरता, हसून हसून बेजार.

ती मैत्रीण राज्याच्या शर्यतीला गेली. मेडल आलं नाही. फ्लेक्स लागला नाही, माईकवाला आला नाही. ती परत आली त्या दिवशी बुढीनं तिला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली. नातीनं तिला एकेक गोष्ट विचारली. तिथलं ग्राउंड कसं, पायाखाली कसं लागतं, पुढच्या वर्षी कुठं आहे. बुढी त्या दोघींना वाढत होती. मला म्हणाली, "कशा बोलून राह्यल्या पाह्य. जशी काही दोघी जाऊन आल्या."

पुढच्या थंडीत बुढीची छाती धरली. धाडला नेलं, बुलढाण्याला नेलं. पंधरवडा निघाला आणि गेली. माझा पोरगा म्हणतो, ग्राउंडवरच्या थंडीनं नेली. नेली असेल. घरात बसणाऱ्यांची छाती धरत नाही काय? मी त्याला तसं म्हटलं, तर तो रडला. मग मीही.

तेरवी झाली. पाहुणे गेले. नात आजीचं पातळ उशाला घेऊन झोपायची आणि पहाटे जीपचा हॉर्न वाजला की तोंडावर घ्यायची. कोणी तिला नाही म्हटलं नव्हतं. कोणी जा असंही म्हटलं नव्हतं. सोबत कोण जाईल, हा विषय घरात कोणी काढत नव्हतं, कारण तो काढला की बुढीचं नाव निघत होतं.

एके दिवशी मी उठलो, पाणी तापवलं, चहा केला, त्यात साखर जास्त टाकली, आणि नातीला हाक मारली. "उठ व. जीप येईन."

पोरगा उठून बसला. "बाबा, तुम्हाले काय समजते त्यातलं?"

"तिले काय समजत होतं? बसाले समजत होतं."

आता मी जातो. मला सगळं काही कळतं असं नाही. दोघींमधली आपली कोणती, हे लांबून पहिल्यांदा ओळखू येत नव्हतं. थंडी वाजते. गुडघे बुढीपेक्षा माझे वाईट आहेत, हे मी तिच्यापुढं कधी मान्य केलं नसतं. दुकानवाला आता कधी कधी दुकान उघडायच्या आधी येऊन माझ्याशेजारी बसतो. बुढी असताना कधी आला नाही, तिला भ्यायचा. माझ्याशी भांडतो. काल दोघी पळाल्या आणि रेघ ओलांडून पुढं जाऊन वाकून उभ्या राहिल्या.

"माही पुढं होती," मी म्हटलं.

"चाचा, चष्मा बदला."

"चष्मा नवीन हाये."

"मंग आंख बदला. माही पुढं होती, एक हातभर."

"हात कोणाचा? तुहा हात त बैलगाडीच्या दांडीवानी हाये."

आम्ही दोघांनी पोरींना हाक मारून विचारलं. त्यांना दम लागला होता. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, एकमेकींकडं पाहिलं, आणि पुन्हा एकदा पळतो म्हणून मागं सुरुवातीच्या जागेकडं चालत गेल्या.